दाब गळतो कुठे?

यवतमाळ जिल्ह्यात एखादी जुनी गाडी ‘ऑईल प्रेशर पडतंय’ म्हणून गॅरेजात गेली, की बहुतेकदा दोनपैकी एक सल्ला मिळतो. ‘जाड ऑईल टाका, अजून एक हंगाम निघेल,’ नाहीतर ‘इंजिन काम मागतंय, खोलावंच लागेल.’ पहिला सल्ला स्वस्त, दुसरा शेतकऱ्याचं किंवा गाडीवाल्याचं वर्ष बुडवणारा. पण दोन्ही सल्ले दाब प्रत्यक्ष मोजण्याच्या आधीच दिलेले असतात. दाब पडला हे लाल बत्तीने सांगितलं, आणि बत्तीवर सगळ्यांनी विश्वास ठेवला. ताप आहे असं हात लावून ठरवावं आणि थर्मामीटर न लावता शस्त्रक्रियेची तारीख घ्यावी, तसंच हे. म्हणून या प्रश्नाकडे एकदा मुळापासून पाहायला हवं.

इथे जुनी गाडी म्हणजे हौसेने जपलेली, रविवारी धुऊन-पुसून बाहेर काढलेली गाडी नव्हे. पांढरकवडा, घाटंजी, झरी जामणी, महागाव इथल्या रस्त्यांवर प्रवासी वाहणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीप, बाजार समितीत कापूस आणणारे टाटा ४०७, वणीच्या कोळसापट्ट्यात राबणारे ट्रक, आणि नांगरटीपासून मळणीपर्यंत सगळं करणारे एचएमटी, स्वराज, मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर, ही इथली जुनी वाहनं. त्यांची कुळं पाहिली की निदानातला एक मुद्दा लगेच लक्षात येतो. महिंद्राने स्वातंत्र्याच्या आगेमागे विलिस जीप जोडायला घेतली तेव्हा तिच्यात पेट्रोल इंजिन होतं; पुढे प्यूजोच्या आराखड्यावरचं डिझेल इंजिन आलं, ट्रॅक्टरच्या घराण्यातली इंजिनंही आली. टाटांचा डेमलर-बेंझशी करार १९५४ ते १९६९ असा चालला आणि ४०७ आली १९८६ मध्ये. बजाज टेम्पोच्या ट्रॅक्सखाली मर्सिडीजच्या आराखड्याचं डिझेल इंजिन होतं. त्यातच कित्येक पेट्रोल जीपना मालकांनी मागाहून डिझेल इंजिनं बसवून घेतली. म्हणजे बॉनेटवरचं नाव एक आणि आतलं इंजिन दुसरं, हे सर्रास आहे. तेलाचा दाब किती हवा हा आकडा गाडीचा नसतो, इंजिनाचा असतो. आत नेमकं कोणतं इंजिन आहे हे इंजिनावरच्या क्रमांकावरून ठरवल्याशिवाय पुढचं सगळं बोलणं अंदाजपंचे राहतं.

आता दाब म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे कपाशीला ठिबक लावलेल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. विहिरीवरची मोटर पाणी ढकलते. दाब मोटर तयार करत नाही. पाणी बारीक छिद्रांतून बाहेर पडताना अडतं, त्या अडण्यातून तो तयार होतो. शेवटची एक नळी टोकाला सुटली, तर फिल्टरजवळच्या गेजचा काटा खाली येतो आणि टोकाची झाडं कोरडी राहतात. मोटर ठणठणीत असते. इंजिनात अगदी हेच घडतं. तळाच्या चेंबरमधलं तेल जाळीतून पंप ओढतो, फिल्टरमधून मुख्य वाहिनीत, म्हणजे गॅलरीत ढकलतो. तिथून ते मेन बेअरिंगना, क्रँकमधल्या छिद्रांतून कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगना, कॅमशाफ्टच्या बुशांना आणि वर रॉकर शाफ्टला जातं. प्रत्येक ठिकाणी शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यात केसाच्या जाडीच्या आसपासची फट असते. त्या फटींतून तेल निसटतं आणि पुन्हा चेंबरमध्ये पडतं. फटी बारीक तर दाब जास्त, फटी रुंद तर दाब कमी.

आणि इथे गणित फार निर्दय आहे. फटीतून निसटणारं तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. ०.०५ मिलिमीटरची फट झिजून ०.१० झाली, तर त्याच दाबाला दुप्पट नव्हे, आठपट तेल निसटतं. म्हणून जुनं इंजिन वर्षानुवर्षं बरं चालतं आणि मग एका उन्हाळ्यात एकाएकी दाब टाकतं. झीज हळूहळूच झालेली असते; परिणाम शेवटी धावत येतो.

दाबाविषयी एक मोठा गैरसमज आहे: गेजवर दिसणारा दाबच क्रँकला तोलून धरतो असं अनेकांना वाटतं. १८८३ च्या सुमारास ब्युशांप टॉवर या इंग्लिश अभियंत्याने रेल्वेच्या आसासारख्या बेअरिंगवर प्रयोग केले. बेअरिंगच्या माथ्यावर तेल घालायला पाडलेल्या छिद्रातून तेल उलट वर यायला लागलं. त्याने बूच बसवलं, मग लाकडी खुंटी ठोकली; आतल्या तेलाने तीही बाहेर ढकलली. फिरणारा शाफ्ट तेल ओढून पाचरीसारखं स्वतःखाली दाबतो आणि त्या पाचरीत प्रचंड दाब स्वतःच तयार करतो, हे त्यातून समजलं. १८८६ मध्ये ऑस्बॉर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं. गेजवरचा दाब फक्त तेलाचा पुरवठा सांगतो. लिस्टर धाटणीची जुनी विहिरीवरची संथ इंजिनं पळीने तेल उडवूनच आयुष्यभर चालली, ती याच कारणाने. पण चार सिलिंडरच्या, दोन-तीन हजार फेऱ्यांच्या इंजिनाला उडवलेलं तेल पुरत नाही. तिथे पुरवठा तुटला की पाचर तुटते, आणि मग काही मिनिटांत बेअरिंग क्रँकला चिकटतं.

आता यवतमाळची गोष्ट. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तेल गरम झालं की पातळ होतं हे सगळ्यांना माहीत आहे, किती ते सहसा माहीत नसतं. १५डब्ल्यू-४० तेलाचा दाटपणा ४० अंशांवर जितका असतो, त्याच्या साधारण सातव्या-आठव्या हिश्शावर तो १०० अंशांना येतो. तेल आणखी २० अंश तापलं की उरलेल्यातला जवळपास तिसरा हिस्सा जातो. जुन्या गाड्यांना वेगळा ऑईल कूलर सहसा नसतो. चेंबरला लागणाऱ्या वाऱ्यावर तेल निवतं. बारा-पंधरा माणसं भरलेली जीप पुसदच्या डोंगराळ रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये चढत असेल तर वारा कुठून मिळणार? जिनिंगच्या आवारात तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या वाहनांच्या रेडिएटरमध्ये कापसाचे तंतू अडकतात, त्यावर काळ्या मातीची धूळ बसते आणि पत्र्यांमधली वाट बंद होते. पाण्याचा काटा अजून हिरव्यात असतो, पण तेल तापलेलं असतं. मला वाटतं, उन्हाळ्यात ‘प्रेशर पडलं’ म्हणून येणाऱ्या गाडीचा रेडिएटर मागच्या बाजूने पाणी मारून धुणं हा उपचार नव्हे, तपासणीचाच भाग मानायला हवा.

निदानाची पहिली पायरी: साधं यांत्रिक प्रेशर गेज. शून्य ते सात किलोपर्यंतचं, नळीचं. बत्तीचा स्विच किंवा डॅशबोर्डच्या काट्याचा सेंडर काढून त्याच जागी ते बसवायचं. बत्तीचा स्विच साधारण ०.३ ते ०.५ बारला लागतो-विझतो. त्याच्या वर किती आहे हे त्याला माहीतच नसतं. डॅशबोर्डचा विजेवरचा काटाही जुन्या वायरिंगच्या, गंजलेल्या अर्थिंगच्या भरवशावर असतो. सेंडरच्या आट्यांना कुणी टेफ्लॉन टेप गुंडाळली असेल तर त्याला इंजिनाचं अर्थिंगच नीट मिळत नाही आणि काटा वाटेल ते दाखवतो. स्विच बदलून सुटणाऱ्या दुखण्यासाठी इंजिन खोलणं, ही गाडीवाल्याची उघड फसवणूक ठरते, मग ती अजाणता का असेना.

गेज लावल्यावर चार आकडे वहीत लिहायचे. थंड इंजिन, आयडलवर. थंड इंजिन, दोन हजार फेऱ्यांवर. मग नेहमीच्या ओझ्यासह पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालवून आणायची आणि तेच दोन आकडे गरम इंजिनावर. जागेवर उभ्या गाडीत इंजिन पळवून तेल पुरेसं तापत नाही. पाणी लवकर तापतं, तेल उशिरा. इंजिनाचं पुस्तक हाताशी असेल तर त्यातला आकडा शेवटचा. नसेल तर जुना ठोकताळा असा: दर हजार फेऱ्यांना सुमारे १० पौंड, म्हणजे ०.७ बार. गरम आयडलला १ बारच्या आसपास असेल तर निर्धास्त राहावं, ०.५ च्या खाली गेलं तर गाडी कामावर पाठवू नये.

या चार आकड्यांत अर्धं निदान असतं. थंडीत दाब उत्तम, गरम आयडलला पडतो, पण फेऱ्या वाढवल्या की चढतो: ही झिजलेल्या फटींची किंवा पातळ तेलाची खूण. पंप हा गरजेपेक्षा जास्त तेल देण्याच्या हिशेबानेच बनवलेला असतो. वेग वाढला की जास्तीचं तेल रिलीफ व्हॉल्व्ह परत सोडून देतो. त्यामुळे झीज वेगात लपते आणि उभ्या गाडीत उघडी पडते. दाब थंडीतही कमी आणि फेऱ्या वाढवूनही हलत नाही, तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे किंवा त्याची स्प्रिंग मेली आहे, हा पहिला संशय. सुरुवातीला बरा पण वेग वाढवला की उलट खाली येतो, तर चेंबरमधली जाळी तुंबली आहे, पंपाला तेल ओढता येत नाही. काटा थरथरतो, वळणावर किंवा चढावर शून्याकडे झेपावतो, तर पंप हवा ओढतोय: तेल कमी आहे, नाहीतर ओढणाऱ्या नळीचं पॅकिंग गेलंय. आणि चालता चालता एकदम शून्य झालं, तर जिथे असाल तिथे चावी बंद. बत्ती खरी की खोटी याचा शोध बंद इंजिनावर घ्यायचा असतो.

पानाला हात लावण्याआधी तेलाकडे पाहायला हवं. सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक काढा. पातळी कमी असेल तर कारण समोर आलं. पण पातळी वाढलेली असेल तर बरेच लोक खूश होतात आणि तिथेच घात होतो. तेल वाढत नसतं. त्यात डिझेल उतरलेलं असतं. गळकं नोजल, फीड पंपाचा फाटका पडदा, डिझेल पंपाचं सील या वाटांनी डिझेल चेंबरमध्ये येतं आणि तेल पातळ करतं. थेंब बोटांत चोळा, वास घ्या. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एक थेंब सोडून तासाभराने पाहा. कडेला पसरट, फिकट, तेलकट कडं जास्त उमटलं तर डिझेलचा संशय धरा. दुधाळ रंग म्हणजे पाणी. नुसता काळा रंग मात्र गुन्हा नाही. डिझेल इंजिनात काजळी तेलात यायचीच. तेलात डिझेल उतरत असेल तर नोजल दुरुस्त करून, नवं तेल-फिल्टर घालून पुन्हा चार आकडे घेतले की कित्येक ‘मेलेली’ इंजिनं जिवंत निघतात. ऑईल सुटं घेऊ नका, सीलबंदच घ्या. सुट्या तेलात काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

फिल्टर फेकून देऊ नका, कापून पाहा. घडीच्या कागदात चमचम दिसते का? लोहचुंबकाला चिकटते ते लोखंड. चिकटत नाही आणि तांबूस झळकतो तो बेअरिंगचा आतला धातू. वरचा पांढरट थर घासून संपला की तांबं दिसू लागतं. ही चमक दिसली की मग इंजिन खोलण्याचा सल्ला खरा. फिल्टर तुंबला तर तेल बायपास होऊन न गाळताच पुढे जातं, दाब फारसा पडत नाही. म्हणून ‘प्रेशर बरोबर आहे, फिल्टर चालेल’ हा हिशेब चुकीचा. वणीकडची कोळशाची भुकटी आणि आपल्या शेतरस्त्यांची धूळ लक्षात घेता तर तो महागात पडणारा. जुन्या जीप-ट्रॅक्टरांच्या एअर क्लीनरच्या वाटीत तेल असावं लागतं. ती वाटी कोरडी राहिली की धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते, तिथून तेलात, तेलातून बेअरिंगमध्ये.

रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वायसर घालून दाब ‘वाढवण्याची’ युक्ती आपल्याकडे फार जुनी. तिच्याबद्दल स्पष्ट लिहायला हवं. गरम आयडलला तो व्हॉल्व्ह आधीच बंद असतो. बंद दरवाजाला आणखी एक कडी लावून आतली गळती थांबत नाही. वायसरने फक्त वेगातला वरचा आकडा वाढतो, थंड सकाळी फिल्टर आणि पॅकिंगवर ताण येतो, आणि मालकाला खोटा धीर मिळतो. व्हॉल्व्ह काढा, स्वच्छ करा, त्यातला दट्ट्या अडकत नाही ना पाहा, स्प्रिंग ठरलेल्या लांबीची नसेल तर बदला. एवढंच त्याचं काम.

आणखी एक घोटाळा. गाडी निळा धूर मारते, तेल पिते, म्हणून रिंगा-लायनरचं काम करून घेतलं. पैसे खर्च झाले आणि दाब जिथल्या तिथे. धूर हे रिंगांचं दुखणं, दाब हे बेअरिंगांचं. दोन्ही सोबत असू शकतात, पण एकाच्या औषधाने दुसरं बरं होत नाही. मिस्त्रीला काम सांगताना हे वेगवेगळं सांगा आणि वेगवेगळं विचारा.

इतकं करूनही आकडे खालीच राहिले तर चेंबर उतरवायचा. जीपमध्ये हे इंजिन न काढता बहुधा जमतं. ज्या ट्रॅक्टरात चेंबर हाच सांगाड्याचा भाग असतो तिथे काम मोठं होतं. आधी जाळी पाहा. तिच्यावर गाळ, तुटलेल्या पॅकिंगचे तुकडे, आणि हल्ली भरमसाट लावलेल्या सिलिकॉनचे गोळे सापडतात. मग पंपाचे गिअर आणि झाकण यांच्यातली फट फिलर गेजने. मग एक-एक बेअरिंग कॅप काढून आतला अर्धगोल. ठोके ऐकू येत असतील तर कोणत्या रॉडचे हे आधीच ठरवता येतं: इंजिन चालू असताना एकेका नोजलचा नळीजोड किंचित सैल केला की त्या सिलिंडरचा जोर जातो, ठोका मंदावला तर बेअरिंग त्याच सिलिंडरचं. हे अनुभवी माणसानेच, कापड धरून, हात-डोळे दूर ठेवून करायचं. नोजलच्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत शिरतं.

क्रँक मायक्रोमीटरने मोजल्याशिवाय बेअरिंग मागवू नये. क्रँकचा जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, लंबगोल झाला असेल तर नवं बेअरिंगही आठवड्यात बोलायला लागतं. मग क्रँक दहा, वीस, तीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) घासून त्या मापाचं बेअरिंग घालावं लागतं. पण खर्च वाचवायला बेअरिंगच्या पाठीमागे कागद किंवा पत्रा घालणं, किंवा कॅप कानशीने घासून ‘टाईट’ करणं, हे मी कुणाच्याही गाडीला होऊ देणार नाही. कॅप घासली की भोक गोल राहत नाही. कागद घातला की बेअरिंगची उष्णता वाहून जात नाही. दाब चार दिवस दिसतो, पाचव्या दिवशी क्रँक जातो.

सगळं नवं घालूनही दाब न येण्याची दोन कारणं नेहमी विसरली जातात. एक, कॅमशाफ्टचे बुश आणि रॉकर शाफ्ट; तीही ठिबकची उघडी टोकंच. दुसरं, क्रँक घासल्यावर त्याच्या आतल्या छिद्रांत आणि गॅलरीत राहिलेला कीस. गॅलरीचे बूच काढून, ब्रश घालून, डिझेलने धुऊन, हवा मारून ती साफ झाली पाहिजे. चेंबर उतरलेला असतानाच एक सुंदर तपासणी करता येते: तेलाच्या बंद डब्याला कॉम्प्रेसरची मोजून हवा द्यायची आणि नळीने ते तेल गॅलरीत सोडून खालून पाहायचं. चांगल्या बेअरिंगमधून थेंब-थेंब गळतं. झिजलेल्यातून धार लागते. क्रँक हाताने फिरवत गेलं की कोणतं कितपत गेलंय ते डोळ्यांनी दिसतं. त्यासाठी खर्च जवळजवळ नाही, आणि खेड्यातल्या गॅरेजातही ती होते.

राहिला जाड तेलाचा सल्ला. २०डब्ल्यू-५० घातलं की काटा वर जातो, यात खोटं काही नाही. १०० अंशांवर ४० क्रमांकाच्या तेलाचा दाटपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक असतो, ५० चा १६.३ ते २१.९. पण दाब वाढला म्हणजे तेल जास्त पोचलं असं नाही. दाट तेल फटींतून कमी सरकतं म्हणूनच काटा चढतो. डिसेंबरातल्या पहाटे तेच तेल रॉकरपर्यंत उशिरा चढतं. फिल्टरमध्ये चमक नाही, ठोके नाहीत, गरम आयडल सीमेवर आहे, आणि सोयाबीन-कापसाच्या दिवसांत गाडी उभी करणं परवडत नाही, अशा मालकाने एक हंगाम जाड तेलावर काढला तर मी त्याला दोष देणार नाही. मात्र आकडे दर महिन्याला लिहावेत. चमक किंवा ठोका असताना जाड तेल घालणं म्हणजे लपवाछपवी. बाटलीतल्या ‘प्रेशर वाढवणाऱ्या’ औषधांचंही तेच.

प्रवासी जीपच्या मालकांना आणि चालकांना एक विनंती. लाल बत्ती डोळ्यांत खुपते म्हणून तिची वायर काढू नका, तिच्यावर काळी टेप चिकटवू नका. तुमच्या मागे बसलेल्या बारा माणसांना ती दिसत नाही. आणि पुढच्या वेळी कुणी म्हणालं ‘इंजिन खोलावं लागेल’, तर त्याला एवढंच विचारा: गेज लावून गरम आयडलला किती दाखवलं? आकडा सांगता आला नाही, तर गाडी खोलू देऊ नका.